तीन आटे

माझ्याकडे अजून एक जुनी यादी आहे. जाड बदामी कागद, वरच्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक, कडांना वंगणाचे अंगठे. मथळा ‘अडकलेले चाक उतरवणे’. खाली माझ्या अक्षरात नऊ कलमं आहेत. त्यातल्या चौथ्या कलमावर आडवी रेघ मारलेली आहे आणि शेजारी तीनच शब्द लिहिलेले आहेत. मी आयुष्यात पुष्कळ याद्या केल्या, अजूनही करतो. पण ही यादी मी फक्त लिहून घेतली. ती धाकू मेस्त्रींची.

एकोणिसावं शतक सरायला काही वर्षं उरली होती तेव्हा मी गिरगावात एका गाडीखान्यात सामानाचा कारकून होतो. बड्या लोकांच्या बग्ग्या, भाड्याच्या व्हिक्टोरिया, डॉक्टरांच्या गाड्या आमच्याकडे दुरुस्तीला येत. माझं काम सोपं होतं. सकाळी प्रत्येकाला हत्यारं मोजून द्यायची, संध्याकाळी मोजून परत घ्यायची आणि मधल्या वेळात काय हरवलं ते शोधायचं. बाकीचे कारागीर हत्यार मुठीने उचलत आणि चालू लागत. धाकू मेस्त्री आधी त्यावरून बोटं फिरवत. पाना असेल तर त्याच्या जबड्यात तर्जनी घालून बघत आणि म्हणत, “ह्याचो एक दात झिजलो हा. दुसरो द्या, कारकुनानू.” मी निरखून बघायचो तेव्हा कुठे मला तो दात दिसायचा.

माणूस ठेंगणा, काळा, पंचेचाळिशीतला. गुडघ्यापर्यंत धोतर, बंडी, डोक्याला लाल रुमाल. कोकणातल्या आचऱ्याकडचे, राहायला लालबागेत, गाववाल्यांच्या खोलीत. रोज सकाळी तिथून गिरगावापर्यंत चालत येत, तेही घोड्यांच्या ट्रामच्या बाजूबाजूने, तिच्या चाकांचा आवाज ऐकत. कधी आल्या आल्या सांगत की अमुक ट्रामचं मागचं चाक आठवड्यात बोंबलणार. आठवड्यात ती ट्राम रस्त्यात आडवी उभी असे.

त्यांच्या अंगात लक्षात राहण्यासारखी एकच गोष्ट होती, त्यांची बोटं. काम संपलं की राख आणि लिंबाच्या साली घेऊन ती अर्धा तास घासत. विडी ओढत नसत, कारण विडीने टोकं बधिर होतात. दुपारी भाकरी गरम आली तर निवेपर्यंत समोर ठेवून बसत. आमचा लोहार हुसेन हा त्यांचा जवळचा मित्र. तो रोज म्हणायचा, “मेस्त्री, ही बोटं हैत की नवरीचे गाल?” मेस्त्री म्हणायचे, “तू घण मार, तुका काय कळाचा.” आणि भाकरी निवायची वाट बघायचे.

अडकलेलं चाक आलं की मात्र सगळे त्यांच्याकडे बघत. चाकाच्या मधल्या गड्ड्याला आम्ही तुंबा म्हणत असू. हा तुंबा आसावर बसतो. वंगण सुकलं, गंज चढला की आसाला असा धरतो की बैल जोडले तरी सुटत नाही. मेस्त्री तुंब्याभोवती डोळे मिटून बोटं फिरवत आणि एका जागी थांबत. तिथेच गंजाने पकडलेलं असे. मग त्यांचा खेकडा निघायचा. दोन आकडे आणि मध्ये एक लांब स्क्रू, एवढंच ते हत्यार. आकडे तुंब्याच्या मागे अडकवायचे, स्क्रू आसाच्या टोकावर टेकवायचा आणि पिळत जायचं, म्हणजे तुंबा बाहेर ओढला जातो. खेकडा त्यांनी स्वतः घडवून घेतला होता. माझ्या यादीत तो नव्हता. ते तो घरून आणत आणि घरी नेत.

एकदा एका डॉक्टरांची व्हिक्टोरिया आली. डॉक्टर स्वतः दारात उभे, पेशंट खोळंबलेले. हुसेन घण घेऊन तयार. मेस्त्रींनी खेकडा लावला, स्क्रू ताणून पिळला आणि चक्क जेवायला बसले. डॉक्टर चिडले. हुसेनने चाकाला दोन-चार शिव्या घातल्या.

“गाळी घालू नको,” मेस्त्री घास खाता खाता म्हणाले, “ता आयकता.”

डॉक्टर म्हणाले की त्यांना घाई आहे. मेस्त्रींनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. “तुमका घाई असा. चाकाक नाय.”

ताट धुवायला ते उठले तेवढ्यात मागे ‘टण्’ असा आवाज आला आणि तुंबा आपोआप बोटभर बाहेर आला. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, हे सगळं लिहून ठेवायला हवं. मला सवयच तशी. मेस्त्रींना लिहिता येत नव्हतं, पण त्यांनी नऊ कलमं अशी सांगितली की मला एक शब्द बदलावा लागला नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, खाली लाकडी ठोकळे द्यावेत. जमिनीवरच्या चाकांना मागून-पुढून अडण लावावी. तुंब्याची टोपी आणि नटाची खीळ काढावी. मग चौथं कलम: ‘उजव्या बाजूचा नट सुलटा सोडावा, डाव्या बाजूचा उलटा.’ हा गाडीवाल्यांचा अभिमानाचा विषय. गाडी पुढे धावते तेव्हा डाव्या चाकाच्या फिरण्याने साधा नट सुटत जातो, म्हणून तिथले आटे उलटे कापलेले असतात. बाहेरचा माणूस हमखास तिथे फसतो आणि नट सोडायच्या ऐवजी आवळत बसतो. पाचवं कलम मेस्त्रींनी दोनदा वदवून घेतलं: ‘नट पुरा काढू नये. तीन आटे सोडून तिथेच ठेवावा.’ दुसऱ्या एका कारखान्यात त्यांच्या डोळ्यांदेखत ताणलेला तुंबा उडून एका माणसाच्या छातीवर बसला होता. नट जागेवर असता तर तुंबा त्याला अडला असता. पुढची कलमं खेकड्याची, थांबण्याची, आणि शेवटचं आतल्या भुकटीचं: ती फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. यादी मी भिंतीवर खिळ्याला लावली. मेस्त्री रोज येता-जाता तिच्याकडे देवाच्या तसबिरीसारखे बघत.

हा एवढा सोडवणारा माणूस स्वतः मात्र अडकलेला होता.

आचऱ्याला त्यांच्या भावाने घराच्या भिंती उभ्या केल्या, कौलं चढवली. दार मात्र मेस्त्रींनी बसवू दिलं नाही. “दार मीच बसवतलंय,” असा निरोप त्यांनी धाडला होता. तेव्हापासून पाच वर्षं त्या घराच्या तोंडाला नारळाच्या झावळ्यांचा झाप लटकत होता. दर वर्षी गावाहून कोणी आलं की त्यांची बायको एकच निरोप पाठवी: झाप नवा घातला. पावसाळ्यात बोटी बंद. त्याआधीची शेवटची बोट धरायची असं ते दर उन्हाळ्यात ठरवत आणि दर उन्हाळ्यात त्याच आठवड्यात एखादी गाडी अडकलेल्या चाकानिशी दारात येई. गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या, वर्षी अर्धी मुंबई गावाला पळाली, तेव्हा इस्पितळाच्या गाड्या चालू राहायला हव्यात म्हणून त्यांना कोणी हलू दिलं नाही. “ह्या वर्षी जातंय,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की गाडीखान्यात ते नमस्कारासारखं झालं होतं.

तापाची साथ ओसरल्यावरच्या एका उन्हाळ्यात मात्र ते पेटी घेऊनच कामावर आले. बोट तीनला सुटणार होती. पेटीतल्या सामानाची यादी मी केली: धोतरं दोन, बंड्या दोन, रंधा एक, पटाश्या दोन, कडी एक, बिजागऱ्या चार. बिजागऱ्या हुसेनने घडवल्या होत्या. त्या तयार होऊनही तीन वर्षं झाली होती.

सकाळी दहाच्या सुमारास दोन बैल जोडलेली एक बिनघोड्याची गाडी फाटकातून आत आली. गिरगावातल्या एका जुन्या घराण्यातल्या नानासाहेबांनी विलायतेहून मोटार मागवली होती. आम्ही सगळ्यांनी तिच्याबद्दल ऐकलं होतं, बघितलं कोणीच नव्हतं. तिचं मागचं डावं चाक जाम झालं होतं. हुसेन बैलांकडे बघून म्हणाला, “बिनघोड्याची बरोबर है, पण बिनबैलाची नाय ना.” नानासाहेब हसले. सज्जन माणूस. ते मेस्त्रींना म्हणाले, “मेस्त्री, तुम्ही नुसती नजर टाका. तुम्हाला मी माझ्या बग्गीतून धक्क्यावर सोडतो.”

मेस्त्रींनी पेटी खाली ठेवली. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

गाडी ठोकळ्यांवर घेतली. चाकाच्या आतल्या अंगाला एक लोखंडी डबा होता. मेस्त्रींनी त्याला लगेच ‘ढोल’ नाव दिलं. ढोलाभोवती चामडं लावलेला लोखंडी पट्टा. सीटजवळचा दांडा ओढला की पट्टा ढोलाला आवळतो आणि गाडी थांबते. चामडं कुठेतरी चिकटलं असणार. कुठे, ते डोळ्यांना दिसत नव्हतं. मेस्त्रींनी उजवा हात मागून घातला आणि पट्टा व ढोल यांच्या मधल्या फटीत बोटं सरकवली.

नानासाहेब सीटवर चढले होते. मदत म्हणून ते म्हणाले, “मी ब्रेक सोडून बघतो,” आणि त्यांनी दांडा धरून ओढला. उलट्या बाजूला ओढला.

मेस्त्री ओरडले नाहीत. म्हणाले, “दांडो सोडा. हात आत असा.”

दांडा सोडला. पट्टा सुटला नाही. हुसेनने दांड्याचा गज मोकळा केला, तरीही नाही. पट्ट्याचं टोक आपल्या खुंटीवरून उडून मागे पाचरीसारखं बसलं होतं, आणि ती जागा ढोलाच्या आड होती. तर्जनी आणि मधलं बोट आत. हुसेन छिन्नी आणि घण घेऊन धावत आला. छिन्नीने पट्टा तोडायचा तर प्रत्येक घाव बोटांवर बसणार हे त्यालाही दिसत होतं, पण त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

“घण खाली ठेव, हुसेन,” मेस्त्री म्हणाले. “चाक ढोलासकट भायर काढूचा. कारकुनानू, यादी वाचा.”

मी खिळ्यावरून यादी काढली. मी मोठ्याने वाचायला लागलो. पहिलं कलम, ठोकळे. मी स्वतः वाकून ते हलवून बघितले. दुसरं, अडण. होती. तिसरं, टोपी आणि खीळ. हुसेनने काढली. चौथं मी वाचलं: “डाव्या बाजूचा नट उलटा सोडावा.”

हुसेनने पाना लावला आणि सगळा भार टाकला. नट जड जड थोडा फिरला. मेस्त्रींनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांचा रंग गेला.

“थांब,” ते म्हणाले. हुसेन थांबला. “तुंबो आत सरकलो. ढोल आत येता.” मग मला म्हणाले, “कारकुनानू, आसाच्या टोकाक आटे दिसतत काय? ते खयच्या बाजूक चढतत?”

मी मातीत गुडघे टेकून बघितलं. नटाच्या पुढे दोन आटे दिसत होते. उजव्या चाकाला असतात तसेच. मी दोनदा बघितलं, कारण मला ते खरं वाटू नये असं वाटत होतं.

“सुलटे आहेत,” मी म्हटलं.

आमच्या गाडीखान्यात डाव्या नटाला हात लावताना कोणी आटे बघत नसे. बघायची गरजच नव्हती. ते नवख्यांचं काम.

“मगे चूक माझी,” मेस्त्री म्हणाले. “सुलटो सोड. सावकाश. तीन आटे.”

तीन आटे सुटल्यावर नानासाहेबांना राहवेना. खाली उतरून ते रडवेल्या आवाजात म्हणाले, “अहो, आता तो नट काढूनच टाका ना.”

“नट काढलो तर चाक माझ्या मनगटार येतला. खेकडो लाव, हुसेन.”

खेकडा लावला. स्क्रू ताणला. आणि आम्ही थांबलो. सातवं कलम तेच होतं: ‘ताणून थांबावे.’ घड्याळात एक वाजला. हुसेन पाव फेरा पिळायचा, मेस्त्री मान हलवायचे, पुन्हा थांबायचं. ऊन सरकून त्यांच्या पाठीवर आलं. नानासाहेबांनी स्वतःचं उपरणं काढून त्यांच्यावर धरलं आणि धरूनच राहिले. मी पाणी पाजलं. दोन वाजले. फाटकाजवळ पेटी होती. तिच्याकडे बघायचं आम्ही सगळेच टाळत होतो.

“मेस्त्री,” हुसेन हळूच म्हणाला, “दोन गाळी देऊ का चाकाला?”

“नको. ता आयकता.”

शेवटी ‘टण्’ असा आवाज झाला. तुंबा उडाला आणि नटावर येऊन अडला. ढोल पट्ट्यातून निसटला. हात बाहेर आला. दोन बोटं चपटी, निळी, रक्त फारसं नाही. मेस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. चाक उतरवायला लावलं आणि वाकून आस बघितला. त्याच्या अंगात एक खाच होती, खाचेत लोखंडी चावी.

“ही चावी तुंब्याक धरून ठेयता,” ते मला म्हणाले. “नट आपसूक सुटाचोच नाय. मगे उलटे आटे कित्याक?” त्यांना ते एवढं पटलं की ते क्षणभर खूश दिसले. मग त्यांना घेरी आली.

तीन कधीच वाजून गेले होते.

हाडं सांधली, पण वाकडी सांधली. दोन्ही बोटं ताठ राहिली आणि टोकांची जाणीव गेली. नानासाहेब दर आठवड्याला फळं घेऊन येत आणि बोलता न येऊन बसून राहत. एकदा मेस्त्रींनीच त्यांना सोडवलं. “दांडो तुमी वडलात, आटो मी चुकलंय. दोघांची वाटणी झाली. आता फळां आणू नकात, माका केळी आवडनत नाय.”

कामावर परत आले त्या दिवशी त्यांनी मला चौथं कलम खोडायला लावलं. बदली काय लिहू, मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि सांगितलं: ‘आधी आटा बघावा.’

तो पावसाळा मला आठवू नये असं वाटतं. रोज सकाळी मी हत्यार द्यायचो, ते सवयीने उजवी बोटं फिरवायचे आणि तसेच उभे राहायचे. मग हत्यार डाव्या हातात घ्यायचे. डाव्या हाताला काही कळत नव्हतं. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. एके दुपारी गरम भाकरी आली आणि मेस्त्रींनी ती लगेच त्याच दोन बोटांनी दाबून तोडली. वाफ येत होती. हुसेनने बघितलं, मीही बघितलं. त्या दिवसापासून हुसेन बरेच महिने नवरीच्या गालांबद्दल बोलला नाही.

बोटी पुन्हा सुरू झाल्या. मी म्हटलं, आता जा. त्यांनी मान हलवली. “दार बसवूक बोटां लागतत. फळयेची धार डोळ्यांनी नाय कळणा.” पेटी माझ्या कोठीत, माझ्या टेबलाखाली, पडून होती. गावाहून निरोप आला: झाप नवा घातला.

मग थंडीच्या दिवसांत कधीतरी मी कोठीतून बाहेर आलो तर मेस्त्री एका बग्गीपाशी उकिडवे बसले होते आणि त्यांनी गाल तुंब्यावर टेकवला होता. डोळे मिटलेले. गाल थोडा थोडा सरकवत होते. एका जागी थांबले आणि म्हणाले, “हय.” हुसेनने तिथे तेल सोडलं. तासाभरात चाक सुटलं. त्यानंतर ते रोज तसं करू लागले. घरी जाताना अर्धं तोंड काळं. हुसेनच्या मनावरचं ओझं उतरलं. त्याने म्हटलं, “बरोबर है मेस्त्री, गाल तर गालच है.”

त्या उन्हाळ्यात शेवटच्या बोटीच्या दिवशी मी त्यांना धक्क्यावर पोचवायला निघालो. पेटी मीच उचलली. यादी खिशात होती आणि सगळं जागेवर होतं, बिजागऱ्या चार. वेळेचा हिशेबही मी केला होता; अर्धा तास हाताशी ठेवला होता. माझगावच्या उतारावर एक भाड्याची व्हिक्टोरिया रस्त्यात आडवी होती. डावं चाक जाम. गाडीवाला नवखा, नटाला पाना लावून घामाघूम होऊन पिळत होता, आणि आत एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती.

मी मेस्त्रींचा दंड धरला. “नाही,” मी म्हटलं. “आज नाही.”

ते माझ्याकडे बघून हसले. “तुमका घाई असा,” एवढंच म्हणाले, आणि बंडीच्या आतून खेकडा काढला. सामानाच्या यादीत तो नव्हता. मला वाटलं होतं, खेकडा ते हुसेनला देऊन आले.

त्यांनी आधी वाकून आटा बघितला. नीट, नवख्यासारखा. मग गाडीवाल्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “हो उलटोच असा रे. तू आवळतस.” आणि गाल तुंब्यावर टेकवून डोळे मिटले.

भोंगा झाला. मी पेटी घेऊन धावत धक्क्यावर गेलो. तिकीट माझ्याकडे होतं. लोकांना बोटीपर्यंत नेणारा शेवटचा पडाव भरत होता. मी पेटी आत टाकली आणि तांडेलाला हात जोडले. त्याने दोनदा थांबवलं आणि तिसऱ्यांदा दोर सोडला.

तेवढ्यात गर्दी फोडत लाल रुमाल आला. मेस्त्री धोतर सावरत धावत होते. पाण्याच्या कडेला ते थांबले नाहीत. कोणीतरी हात दिला आणि ते पडावात पडल्यासारखे बसले. पेटी चाचपली. मग वळून मला शोधू लागले. मी हात वर केला.

त्यांच्या उजव्या गालावर तुंब्याचं काळं कडं गोल उमटलं होतं. चाक सुटलं का, असं मी ओरडून विचारलं, पण वाऱ्यात ते त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी उजवा हात उंच केला आणि तीन बोटं दाखवली. पडाव बोटीच्या आड जाईपर्यंत ती तशीच वर होती. त्यातली दोन तर त्यांना मिटताही येत नव्हती.